जुन्या हायवेचे सुटलेले तुकडे : पळस्पे ते पत्रादेवी, प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

कामाची हद्द ठरली. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर शून्य किलोमीटर धरायचा आणि तिथून गोव्याच्या वेशीवर पत्रादेवीपर्यंत जुन्या राष्ट्रीय महामार्ग १७ मधून बाजूला पडलेला प्रत्येक तुकडा शोधायचा. तो मोजायचा, त्यावरच्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी काढणारे पाईप आणि लहान पूल) तपासायच्या आणि आज तो कोणाच्या ताब्यात, कशा वापरात आहे ते लिहायचं. २०१० साली देशभरचे क्रमांक बदलले तेव्हा १७ चा ६६ झाला. त्यामुळे जुन्या कागदात १७ आणि नव्यात ६६ दिसेल, रस्ता तोच.

चौपदरीकरण एका हाताने झालेलं नाही. पळस्पे ते इंदापूर हे ० ते ८४ किलोमीटर एका यंत्रणेकडे होतं, इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या बांधकाम खात्यातल्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. झाराप–पत्रादेवी हा पट्टा त्याआधीच रुंद झाला होता. म्हणून सुटलेल्या तुकड्यांचे कागदही तीन ठिकाणी विखुरलेले सापडतील, हे गृहीत धरून चालायचं.

जोडीला किनाऱ्याचा रेवस–रेडी सागरी मार्ग, हा प्रमुख राज्य महामार्ग आहे. त्यावर शोधायचं ते एवढंच : खाडीवर पूल झाला आणि तरीकडे (होडीने खाडी ओलांडण्याच्या जागेकडे) जाणारा जुना रस्ता मागे राहिला, अशा जागा.

जिथे जुन्या रस्त्यावरच नवा बसवला आहे ते भाग या कामात नाहीत. जुनं डांबर उघड्यावर किमान ५० मीटर सलग दिसलं तरच तुकडा धरायचा.

१३ ऑक्टोबर २०२४

नकाशे जमवले. सर्व्हे ऑफ इंडियाचे एकास पन्नास हजारचे तक्ते हा पाया. कोकणपट्टीचा बहुतेक भाग ४७ एफ, ४७ जी, ४७ एच आणि खाली सावंतवाडीकडे ४८ ई मध्ये येतो. पोलादपूर आणि कशेडी ४७ जी/५ वर, चिपळूण ४७ जी/१० वर. त्याहून जुने इंचाला मैल प्रमाणाचे तक्ते मिळाले तर सोडू नयेत. खाडीवर पूल होण्याआधी तर कुठे होती आणि रस्ता धक्क्यापर्यंत कसा उतरत होता, हे त्यांवर स्पष्ट असतं.

पद्धत अशी. जुना तक्ता संगणकावर आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचा. बसवताना खुणा म्हणून पूल किंवा रस्त्याची वळणं घ्यायची नाहीत, कारण तीच बदललेली असतात. देवळाचा कळस, दीपगृह, त्रिकोणमिती स्थानकं, नद्यांचे संगम घ्यावेत. एका तक्त्याला किमान सहा खुणा, त्यातल्या चार कोपऱ्यांकडे. एवढं करूनही २० ते ३० मीटरचा फरक उरतो. तो चालतो, कारण पुढची खात्री पायी जाऊनच करायची आहे.

जिथे जुनी रेघ नव्यापासून ४० मीटरपेक्षा जास्त सुटते तिथे खूण. सर्वांत जास्त खुणा नदी-ओढ्यांच्या दोन्ही अंगांना पडतात. जुना रस्ता आखणारे ओढा अरुंद आणि काटकोनात मिळेल तिथपर्यंत वर चढत, लहान पूल बांधत आणि पुन्हा खाली येत. नवा रस्ता भराव घालून सरळ जातो, म्हणून जवळजवळ प्रत्येक ओढ्यावर वरच्या अंगाला जुन्याचा एक फुगा उरतो.

२६ ऑक्टोबर २०२४

पावसाळ्यानंतरचं गवत अजून छातीएवढं आहे, तरी जुना रस्ता ओळखता येतो. खुणा :

विजेचे खांब आणि जुनी टेलिफोनची लाईन. रस्ता हलला तरी लाईन लगेच हलत नाही. नव्या हायवेपासून फटकून झाडीत वळणारी खांबांची रांग दिसली की तिच्याखाली बहुधा जुनी साईडपट्टी असते.

झाडं. वड, चिंच, जांभूळ, आंबा, शिरीष एका ओळीत आणि साधारण सारख्या अंतरावर. दोन ओळींमधलं अंतर मोजून ठेवायचं. ते रस्त्याच्या मूळ हद्दीची पहिली साक्ष देतं.

दगड. किलोमीटरच्या दगडाचा माथा राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य महामार्गाला हिरवा, जिल्हा मार्गाला निळा किंवा काळा, ग्रामीण रस्त्याला नारिंगी. एकाच दगडावर रंगांचे थर असतील तर कोपरा नखाने हलका खरवडून फोटो घ्यावा. हिरव्याखाली पिवळा निघाला तर रस्त्याचा दर्जा उतरला, आणि तो उतरवून कोणी तरी ताब्यातही घेतला. पिवळा तसाच राहून फिका पडलेला असेल तर ताबा कोणीच घेतला नसण्याची शक्यता जास्त. यावरून निकाल काढायचा नाही, पण कोणत्या कार्यालयात आधी विचारायचं ते कळतं.

दर २०० मीटरचे छोटे दगड आणि हद्दीचे दगड वेगळे. हद्दीचा दगड रस्त्यापासून लांब, कुंपणाजवळ असतो आणि तोच सर्वांत आधी नाहीसा होतो. सापडला तर त्याच्यापासून रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने घेऊन ठेवा, पुढे जमिनीच्या प्रश्नात लागेल.

जुन्या दगडावरचा आकडा आणि शेजारच्या नव्या हायवेवरचा आकडा यांतला फरकही लिहायचा. जुन्यावर २१४ आणि समोर नव्यावर २१२ असेल, तर पळस्पेपासून इथपर्यंत वळणं कापून दोन किलोमीटर वाचले असा अंदाज निघतो. दोन लागोपाठच्या दगडांमध्ये हा फरक वाढला, तर त्या दोघांमध्येच सुटलेला तुकडा आहे. उपग्रह चित्रात झाडीखाली लपलेले तुकडे असे हुडकता येतात.

९ नोव्हेंबर २०२४

वळण मोजण्याची रीत सगळ्यांनी एकच ठेवावी. वळणाच्या आतल्या कडेवर दोन बिंदूंमध्ये ३० मीटर टेप ताणून धरायची. टेपच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. जीवेचा, म्हणजे ताणलेल्या टेपच्या लांबीचा, वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, त्यात अंतराचं निम्मं मिळवायचं. मधलं अंतर २.२५ मीटर आलं तर ९०० भागिले १८ म्हणजे ५०, अधिक १.१, म्हणजे त्रिज्या ५१ मीटर.

रुंदी डांबराची वेगळी आणि कडेपासून कडेपर्यंतची वेगळी. एकेरी रस्ता ३.७५ मीटर, मधला प्रकार ५.५, दुपदरी ७. जुन्या तुकड्यावर ७ मीटर क्वचितच पूर्ण मिळतात, कारण कडा तुटून आत आलेल्या असतात. तेव्हा मोरीच्या दोन कठड्यांमधलं अंतर घ्या. कठडा हलत नाही.

घाटातल्या नागमोडी वळणाच्या टोकाला रुंदी किती ठेवली आहे त्यावरून तो रस्ता कोणत्या दर्जाने आखला होता ते समजतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानुसार दुपदरी राष्ट्रीय किंवा राज्य महामार्गाला तिथे ११.५ मीटर लागतात, एकेरीला ९, जिल्हा मार्गाला ७.५. आतली त्रिज्या किमान १४ मीटर. जुन्या तुकड्यावर ७.५ आलं, तर राष्ट्रीय क्रमांक मिळण्याआधीची आखणी तशीच चालवलेली आहे असं समजायला जागा आहे.

जिथे नव्या कटिंगने जुना रस्ता आडवा कापला आहे तिथे उभा छेद फुकटात मिळतो. खालून वर : हाताने लावलेलं दगडी सोलिंग, त्यावर खडीकरणाचे थर, त्यावर डांबराची पुटं. प्रत्येक थर स्वतंत्र मोजावा. डांबराची पुटं मोजली की किती वेळा नूतनीकरण झालं ते कळतं, कारण अशा एकेका पुटाची (कारपेटची) जाडी साधारण २० मिलिमीटर असते. छेदाखाली उभं राहू नये. जांभ्याची कटिंग सरळ उभी दिसते, पण खालच्या शाडूच्या थरात पाणी मुरलं की वरचा ठोकळा अख्खा सुटतो.

१७ नोव्हेंबर २०२४

सूचना. कठड्याच्या सुट्या दगडांत आणि मोरीच्या तोंडाशी पाला साचलेल्या जागी हात घालू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर, आणि ते नेमकं अशाच कोरड्या दगडांत बसतं. आधी काठी, मग डोळा. गुडघ्यापर्यंतचे बूट नसतील त्या दिवशी फक्त कागदाचं काम.

३० नोव्हेंबर २०२४

गावातून गेलेले तुकडे सर्वांत चांगल्या स्थितीत आहेत. झारापहून आकेरीवरून सावंतवाडीत शिरणारा जुना रस्ता हे त्याचं ठळक उदाहरण. नवा चौपदरी सावंतवाडीला बाजूला ठेवून थेट पत्रादेवीकडे जातो, पण शहराला रोज लागणारी एसटी, बाजार, शाळा, दवाखाना सगळं जुन्यावर. वडखळलाही गावाबाहेरून रस्ता झाला आणि नाक्यातला जुना भाग गावाचा झाला. राजापुरात अर्जुना नदीवर उंच नवा पूल आहे, जुना रस्ता खाली उतरून जुन्या पुलाशी जातो.

अशा तुकड्यांवर नोंद करायची ती दोनच गोष्टींची. पहिली, एसटीच्या किती फेऱ्या अजून जुन्या रस्त्याने जातात आणि किती बाहेरच्या बाहेर निघून जातात. थांब्यावरच्या दुकानदाराला विचारण्यापेक्षा आगारातलं वेळापत्रक पाहावं. दुसरी, गटार. हायवे असताना त्याचं पाणी कडेच्या कच्च्या गटारातून शेतात सुटत होतं. गावाने ताबा घेतल्यावर बांधीव गटार होतं, त्यावर लाद्या पडतात, दुकानांच्या पायऱ्या त्यावर येतात, आणि सुटण्याचं तोंड कुणाच्या तरी आवारात गाडलं जातं. तोंड शोधून त्याचं स्थान नोंदवल्याशिवाय त्या गावाचं पाहणी पत्रक पूर्ण धरू नये.

१४ डिसेंबर २०२४

कागद. यावर दोन आठवडे गेले आणि ते सार्थकी लागले, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

रस्त्यांची उतरंड अशी : राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. खात्याच्या कागदात प्ररामा, रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी लघुरूपं येतात. प्रजिमापर्यंतचे रस्ते बांधकाम खात्याकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग कमी करायचा तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या कलम २ खाली केंद्राची अधिसूचना लागते, आणि राज्याने तो आपल्या यादीत घ्यायचा तर १९५५ च्या महामार्ग कायद्याखाली राज्याची. दोन्हींमध्ये काळ जातो. बाह्यवळण झाल्यावर जुना भाग एकदा दुरुस्त करून राज्याला द्यायचा, अशी केंद्राची रीत आहे. ही एकवेळची सुधारणा झाली की नाही यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात, कारण नंतर त्या तुकड्याला स्वतंत्र निधी मागावा लागतो आणि वर्गवारीत नसलेल्या रस्त्याला निधीचं शीर्षच मिळत नाही.

शहरांतल्या जुन्या तुकड्यांचे कागद २०१७ च्या फायलींत शोधावेत. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं बंद करण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी ते अंतर २२० मीटर झालं आणि ११ जुलै २०१७ ला नगरपालिका हद्दींबाबत खुलासा आला. या मधल्या महिन्यांत ‘हा रस्ता महामार्ग आहे का, कधीपासून नाही’ हा प्रश्न जागोजागी लेखी विचारला गेला. एरवी कुणी विचारला नसता.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना : दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘रस्त्याची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज इकडून तिकडे फिरतो. मागायचं ते नेमकं : अमुक ते अमुक साखळी क्रमांकाच्या (रस्त्याच्या शून्यापासून मोजलेल्या अंतराच्या) तुकड्याचं हस्तांतरण पत्र, ताबा पावती, रस्ता नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत, आणि २००१–२०२१ च्या रस्ते विकास आराखड्यात त्याला दिलेला क्रमांक. प्रतीला पानामागे दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. साखळी क्रमांक जुना लिहावा आणि कंसात नवा, कारण हाताखालच्या माणसासमोर दोन्हींपैकी एकच नोंदवही असते.

११ जानेवारी २०२५

कशेडी. पोलादपूर आणि खेडच्या मधला हा घाट सुटलेला तुकडा म्हणावा का, यावर चर्चा झाली. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली, जड वाहनं तेव्हाही घाटानेच गेली. बोगद्यात काही काम निघालं की वाहतूक पुन्हा वर वळवतात. तेव्हा घाट हा पर्यायी मार्ग म्हणून वेगळ्या रकान्यात घेतला.

पर्यायी रस्त्याची गरज कोकणात कागदावरची नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट दिवसा काही तास बंद ठेवून डोंगर कापत होते, तेव्हा हलक्या गाड्या कळंबस्ते–आंबडस–चिरणी–लोटे या आतल्या रस्त्याने गेल्या. अरुंद जिल्हा रस्त्यावर हायवेची वाहतूक आली की आधी साईडपट्टी बसते, मग मोरीचे कठडे जातात. घाटाचा जुना रस्ता चालू ठेवणं म्हणजे वर्षातून एकदा गटार उपसणं, दरडीकडच्या भिंतीतली पाझर छिद्रं मोकळी करणं आणि कठडे रंगवणं. खर्च फार नाही. पण रस्त्यावरची रहदारी गेली की गँगची (रस्ता राखणाऱ्या मजुरांची) फेरीही थांबते, आणि पहिल्या पावसातली छोटी दरड उचलायला कोणी येत नाही. तिच्यामागे गटार तुंबतं, पाणी रस्त्यावरून दरीकडच्या भिंतीत शिरतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीसकट अर्धा रस्ता उतरतो.

८ फेब्रुवारी २०२५

मोऱ्या. या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे असं आता ठामपणे लिहिता येतं. जे तुकडे मोडले आहेत त्यातले बहुतेक पाण्याने मोडले आहेत, आणि पाणी चढलं ते मोरीपाशी.

कारण समजून घ्या. डोंगरउताराच्या वरच्या अंगाला नवा हायवे, खालच्या अंगाला जुना. नव्यावर दोन मीटर बाय दोन मीटरची बॉक्स मोरी. तिच्यातून सुटलेलं पाणी थोड्याच अंतरावर जुन्याच्या ६०० किंवा ९०० मिलिमीटर पाईपपाशी येतं. शिवाय नव्या रस्त्याने शेजारचा लहान ओहोळ स्वतंत्र मोरी न देता बाजूच्या गटाराने याच मोरीत आणलेला असतो. म्हणजे पूर्वी दोन पाईपांत वाटलेलं पाणी आता एकाच पाईपावर.

हिशेब साधा आहे. प्रवाह घनमीटर प्रति सेकंद = ०.०२८ गुणिले वाहून जाण्याचा अंश गुणिले क्षेत्र हेक्टरात गुणिले पाऊस सेंटिमीटर प्रति तास. अंश ०.५, क्षेत्र ८ हेक्टर, पाऊस ताशी १० सेंटिमीटर धरला तर १.१२ घनमीटर. ९०० च्या पाईपचं तोंड ०.६३६ चौरस मीटर, वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर १.२७ वाहतं. निभतं. शेजारचं ८ हेक्टर त्यात आलं की २.२४ झालं, म्हणजे पाईपच्या ताकदीच्या जवळजवळ पावणेदोनपट. आणि पाईप अर्धा गाळाने भरलेला असेल तर त्याची ताकद ०.६४ वर आलेली असते. मग पाणी रस्त्यावरून जातं. डांबर वरून टिकतं, पण खालच्या अंगाची साईडपट्टी पाण्याच्या पडण्याने खणली जाते, सोलिंग उघडं पडतं, आणि कडेकडून रस्ता आत आत खात येतो.

प्रत्येक मोरीला हे लिहायचं : प्रकार (पाईप, स्लॅब की कमान), तोंडाचं माप, गाळाची खोली वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही तोंडांशी, हेडवॉल (तोंडावरची भिंत) आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पंख भिंतींच्या भेगा, खालच्या तोंडाशी पडलेल्या खड्ड्याची खोली, आणि वरच्या अंगाला नव्या हायवेच्या मोरीचं माप व अंतर. शेवटचं कोणी लिहीत नाही, आणि तेच सर्वांत उपयोगाचं आहे.

ह्यूम पाईपच्या मोरीवर रस्त्याच्या पृष्ठभागाकडे नीट बघा. पाईप अडीच मीटर लांबीचे असतात. सांध्याची कॉलर उघडली की वरची माती आत गळते आणि रस्त्यावर बरोबर सांध्याच्या डोक्यावर बशीसारखा खड्डा पडतो. दोन खड्ड्यांमधलं अंतर अडीच मीटर किंवा त्याच्या पटीत आलं, तर डांबर घालून उपयोग नाही. खालून सांधा बंद करावा लागेल.

गाळ काढायचा असेल तर काम खालच्या तोंडापासून. आधी खालचा ओहोळ पुरेसा खोल करायचा, नाहीतर पाईप साफ करूनही त्यात पाणी उभं राहतं आणि पुन्हा गाळ बसतो. १२ मीटर लांब, ९०० चा पाईप अर्धा भरलेला म्हणजे ३.८ घनमीटर, सव्वा ते दीड ब्रास. ६०० च्या पाईपमध्ये माणसाने शिरू नये. बांबूला बांधलेली दोरी आरपार घालून दोन्हीकडून गोणपाटाचा बोळा ओढावा. निघालेला गाळ काठावर टाकला तर पहिल्याच पावसात परत आत येतो. तो खालच्या अंगाला, ओहोळापासून दूर टाकावा.

१ मार्च २०२५

दगडी कमानी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात गेला, त्यावरच्या एसटी बसेस आणि इतर वाहनं वाहून गेली. शेजारी नवा पूल होता, एका दिशेची वाहतूक त्यावर आणि दुसरीची जुन्यावर चालू होती. बदली पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलापाशी रस्ता खचला.

यातून आमच्या पत्रकात एक रकाना वाढवला. कमानीचा पूल सुटलेल्या तुकड्यावर असेल आणि त्यावरून ट्रॅक्टर, डंपर किंवा शाळेची गाडी जात असेल तर ती नोंद लाल शाईने आणि त्याच आठवड्यात बांधकाम उपविभागाला लेखी. ‘जुना आहे, कोणी वापरत नाही’ हे गावात विचारल्याशिवाय लिहायचं नाही. भातकापणीच्या दिवसांत आणि चिऱ्याच्या खाणीच्या हंगामात वापर बदलतो.

बघायचं काय : पाण्याच्या पातळीशी खांबाच्या पायथ्याचे दगड सुटले आहेत का, कमानीच्या पोटात मधोमध लांबट भेग आहे का, कळीचा (कमानीच्या माथ्यावरचा मधला) दगड खाली सरकला आहे का, बाजूची भिंत कमानीपासून बाहेर फुगली आहे का. पायथ्याची झीज पुरात होते आणि पूर ओसरताना खड्डा पुन्हा वाळूने भरतो, म्हणून उन्हाळ्यात पाय कोरडा आणि शाबूत दिसतो. सळई खुपसून पाहिल्याशिवाय ‘ठीक’ लिहू नये.

दगडात उगवलेला पिंपळ किंवा उंबर उपटायचा नाही. मुळासोबत दोन-तीन थर बाहेर येतात. बुंध्याशी कापून, बुंधा मारून, मूळ वाळल्यावर सांधे भरायचे, आणि तेही चुन्याच्या कामात चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू वापरून. सिमेंट घातलं तर दगडातला ओलावा अडकतो आणि सांधा टिकून दगडाची कड फुटते. हे काम खात्याच्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावं. आपण फक्त नोंद आणि पाठपुरावा करायचा.

२२ मार्च २०२५

किनारा. भाट्ये खाडीवर पूल झाल्यावर रत्नागिरी–पावस वाट तरीवाचून सुरू झाली. अजून तर किंवा फेरीबोट चालू असलेल्या जागा : आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. सागरी मार्गावरच्या मोठ्या खाडीपुलांची कामं रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत, म्हणून या जोडरस्त्यांची आजची स्थिती आत्ताच नोंदवून ठेवतो. पूल झाल्यावर धक्क्याकडे उतरणारा भाग राज्य महामार्गाच्या आखणीतून सुटेल.

धक्क्याच्या उतारावर भरती-ओहोटीची मापं महत्त्वाची. उताराच्या खालच्या टोकाचं स्थान पौर्णिमा-अमावास्येच्या ओहोटीला घ्यावं, एरवी तो पाण्याखाली असतो. पूल झालेल्या जागी जुने धक्के कोळी लोक वापरतात : मासळी उतरवणं, जाळी सुकवणं, होडी ओढून घेणं. हा वापर ‘अतिक्रमण’ म्हणून लिहू नये. रकाना ‘बंदर वापर’ असा ठेवला आहे.

१२ एप्रिल २०२५

जमीन. कापलेल्या वळणांच्या आत अडकलेल्या जागांवर टपऱ्या, चिऱ्याचे ढीग, ट्रकचे थांबे, हायवेच्या कामातून उरलेला राडारोडा. राडारोडा सर्वांत वाईट, कारण तो मोरीच्या वरच्या तोंडावर टाकलेला असतो.

नियम स्पष्ट आहेत. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते शासनाच्या मालकीचे. रस्ता लोकांना नको झाला तर कलम २१ प्रमाणे जाहीर सूचना देऊन, हरकती ऐकून त्यावरचा वहिवाटीचा हक्क संपवता येतो. तसं झालेलं नसेल तोवर वापर नसला तरी तो रस्ताच. संपादन झालेली जमीन वापरात नाही म्हणून मूळ मालकाकडे आपोआप परत जात नाही. कोणी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं.

तुकड्याचं पत्रक भरताना गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी. त्यात जुना रस्ता बहुधा दोन समांतर रेघांनी, गट क्रमांकाशिवाय दाखवलेला असतो. त्या रेघा आणि ऑक्टोबरात लिहिलेलं हद्दीच्या दगडाचं अंतर जुळलं की हद्द पक्की.

३ मे २०२५

ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर) चढवताना : चालू असलेल्या तुकड्याला आजच्या दर्जाचं नाव, आणि जुना क्रमांक ‘जुना संदर्भ’ या खुणेत. डांबर आहे पण वाहन जात नाही त्याला ‘वापराबाहेर’, जिथे झाडी वाढून वाट तुटली त्याला ‘सोडलेला’. दरडीने तुटलेला भाग सलग रेघेने जोडायचा नाही, नाहीतर रात्रीचा अनोळखी चालक मोबाईलवर पाहून त्यात गाडी घालेल. तुटीच्या दोन्ही बाजूंना अडथळ्याची खूण आवश्यक.

२७ मे २०२५

मे अखेरपर्यंत मोरींची तोंडं मोकळी करण्याचा बेत पावसाने आवरला. मान्सून २५ मे ला देवगडपर्यंत आला, २६ ला मुंबई गाठली. त्याआधीचा आठवडाही मुसळधार. मोऱ्यांचं काम यापुढे १५ मे ला संपवायचं, आणि सुरुवात घाटाच्या नव्हे तर गावाच्या बाजूने. लोकांची वाट आधी मोकळी राहायला हवी.

२८ जून २०२५

पावसातली पाहणी. मोरीच्या वरच्या अंगाला काठीवर दहा-दहा सेंटिमीटरला पट्टे रंगवून ती हेडवॉलला बांधली आहे. पाऊस थांबल्यावर लगेच नव्हे, चालू असतानाच वाचायची. पण समोरच्या सुरक्षित बाजूने, रस्त्यावरून पाणी जात असताना ओलांडून नाही. सोबत तासाचा पाऊस लिहायचा. सरळ भिंतीची प्लास्टिक बरणी आणि पट्टी पुरे, तोंड आणि तळ सारख्या व्यासाचे असले म्हणजे झालं.

खेड तालुक्यातल्या एका तुकड्यावर ९०० चा पाईप एप्रिलमध्ये साफ केला होता. वरच्या अंगाला नव्या हायवेची बॉक्स मोरी आहे. ताशी ४ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस असताना पाईपचं तोंड भरून वाहत होतं. ८ हेक्टरला या पावसात ०.४५ घनमीटर यायला हवेत, म्हणजे पाईप अर्ध्याहून कमी भरायला हवा होता. पाणी त्याहून बरंच जास्त क्षेत्राचं येतं आहे. वर चढून पाहिलं तेव्हा नव्या रस्त्याचं गटार दोन ओहोळ ओलांडून इथे सोडलेलं आढळलं. गटाराचा उतार, लांबी आणि अडवलेल्या दोन्ही ओहोळांची स्थानं घेऊन पत्र तयार केलं आहे. मागणी एकच : दोन्ही ओहोळांना त्यांच्या मूळ जागी स्वतंत्र मोरी.

१९ जुलै २०२५

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा. ज्या गावांत तुकड्याचा ताबा कोणाकडे आहे याचा कागद मिळालेला नाही तिथे हा वापरावा. तुकड्याची लांबी, जुना साखळी क्रमांक आणि लगतचे गट क्रमांक भरल्याशिवाय विषयपत्रिकेवर देऊ नये.

‘मौजे ____ हद्दीतील पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग १७ चा साखळी क्रमांक ____ ते ____, लांबी ____ मीटर, हा भाग गावाच्या दैनंदिन वापरात आहे. सदर भाग कोणत्या विभागाकडे वर्ग आहे याची लेखी माहिती द्यावी. वर्ग नसल्यास ग्रामीण मार्ग म्हणून रस्ते आराखड्यात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवावा. या भागावरील ____ मोऱ्यांची मापे व स्थिती सोबतच्या पत्रकात दिली आहे. त्यांची साफसफाई दरवर्षी १५ मेपूर्वी व्हावी.’

सोबत जोडायचं : गाव नकाशाची प्रत, मोरी पत्रक, दोन्ही तोंडांचे फोटो, आणि माहितीच्या अधिकारात मिळालेलं उत्तर, मग ते ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढंच असलं तरी. सभेआधी सात दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावं.